कालभद्राचं धोतर

पोळा झाला की आमच्याकडे शेतांचा रंग पालटतो. सोयाबीनची पानं कडेनं पिवळी व्हायला लागतात, मूग घरात येऊन पडलेला असतो, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या असलेल्या पांढऱ्या जाळीच्या घरांत सकाळी सातपासून बाया शिरताना दिसतात. मी देऊळगाव राजाला एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि शनिवारी दुपारच्या बसनं गावाकडे, साखरखेर्ड्याच्या बाजूला येते. परवाच्या शनिवारी खिडकीशी बसले होते. एका जाळीच्या दारातून चार-पाच बाया बाहेर आल्या. डोक्याला रुमाल, लुगड्यावर घरातल्या कुणाचा तरी जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, बोटांत बारके चिमटे. कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळ्या एकदम हसल्या. बस पुढे गेली. त्या कशाला हसल्या हे मला कळायला मार्ग नव्हता, तरी पुढचे दोन थांबे मीसुद्धा हसत होते.

क्रॉसिंगचा हंगाम सुरू झाला होता.

बाहेरच्या माणसाला हे काम सांगितलं तर खोटं वाटतं. मिरचीची उद्या उमलणारी कळी आज दुपारी हेरायची, चिमट्यानं हलकेच उघडून तिच्यातला नर, म्हणजे पुंकेसर, काढून टाकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलांचे पराग डबीत घेऊन यायचं आणि त्या कळीला बोटानं लावायचे. मग खूण म्हणून देठाला रंगीत दोरा. अशा जोडणीतून धरलेल्या मिरचीचं बी पुढे कुठकुठे पेरलं जातं. एका बाईच्या हातून दिवसात शेकडो कळ्या जातात. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले. मोकळं राहतं ते फक्त तोंड.

मी त्या जाळीत पहिल्यांदा शिरले तेव्हा माझं तोंडही बंद होतं. बारावीला भौतिकशास्त्रात नापास झाले होते. आमच्या वस्तीत दहावीला सगळ्यांत जास्त गुण माझे, म्हणून बुद्धविहारात माझा सत्कार झाला होता, आणि त्या सत्काराची शाल घडी घालून कपाटात असतानाच हा निकाल आला. जुलैत पुन्हा परीक्षा होती, तिला बसले नाही. पोट दुखतं म्हणाले. खरं तर पुस्तक उघडलं की निकालाच्या दिवशीची दुपार समोर उभी राहायची: सायबर कॅफेतला तो पंखा, मागे उभ्या असलेल्या मुली, आणि पडद्यावरचा तो एक आकडा. वडील म्हणाले, राहू दे, जे जमत नाही त्याच्या मागे कशाला लागायचं. ते प्रेमानंच म्हणाले, पण ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं आणि सुटल्यासारखं वाटलं याचीच लाज वाटली. महिनाभर घरातून निघाले नाही. मग एका सकाळी आईनं डब्यात एक भाकरी जास्तीची ठेवली, माझ्या हातात चिमटा दिला आणि म्हणाली, “भिंतीकडं पाहून काय होते? चाल.”

ते जाळीचं शेडनेट वैशालीताईंचं होतं. अर्ध्या एकराचं, त्यांच्या घराला लागूनच. ताई स्वतः आमच्यासोबत ओळीत उभ्या राहायच्या. बायांमध्ये सगळ्यांत लहान मीना, वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली, तिच्या मनात आलेलं ओठांवर यायला वेळ लागायचा नाही. आणि माझ्या शेजारच्या ओळीत शांतामावशी. साठीच्या असतील. हात इतका हलका की त्यांनी हात लावलेली कळी क्वचित गळायची. त्यांचे यजमान आधीच्या हिवाळ्यात गेले होते. आईनं मला घरूनच बजावलं होतं, मावशींपुढे त्यांचा विषय काढायचा नाही. ते मोठे बोलघेवडे होते म्हणे. मावशी मात्र त्यांच्याविषयी अक्षर बोलत नसत. कुणाच्या बोलण्यात चुकून त्यांचं नाव आलं तर त्या पुढच्या झाडाकडे सरकत.

जाळीत उजेड निराळाच असतो. बाहेरचं कडक ऊन आत येताना पाणी घातलेल्या ताकासारखं पातळ होतं. वारा नसतो. मिरचीच्या पानांचा हिरवा वास, ओल्या वाफ्यांचा वास, आणि दुपार चढली की तापलेल्या प्लास्टिकचा. त्या पातळ उजेडात मी पहिले पंधरा दिवस खाली मान घालून काढले. कुणी मला निकालाबद्दल विचारलं नाही. त्या न विचारण्याचाही मला राग यायचा.

दुपारी एकला जेवणाची सुट्टी. आम्ही ताईंच्या ओसरीत बसायचो. ज्वारीच्या भाकरी, बेसन, ठेचा, कुणाकडे भरीत. ताईंनी टीव्हीचं तोंड ओसरीकडे फिरवून ठेवलं होतं, कारण बरोबर एकला आदल्या संध्याकाळच्या मालिकेचा भाग पुन्हा लागायचा. मालिका विज्ञानकथेची होती. फार चालली नाही, आता कुणाला आठवतही नसेल. तिच्यात कालभद्र नावाचा खलनायक होता. तीनशे वर्षांपूर्वीचा वैद्य. एका रात्री त्यानं स्वतःच बनवलेलं रसायन प्यायलं आणि तेव्हापासून त्याला मरण नाही. आता त्यानं एका धरणाच्या पोटात प्रयोगशाळा थाटली होती आणि सगळ्या जगाची घड्याळं बंद पाडायचा त्याचा बेत होता. का, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच्या विरुद्ध ईरा नावाची तरुण शास्त्रज्ञ. कालभद्राच्या कपाळावर मोठा व्रण, अंगावर रेशमी शाल आणि पांढरंशुभ्र धोतर. बायांनी त्याचं नाव केव्हाच बदललं होतं. मरत नाही म्हणून नमऱ्या.

त्या दिवशीच्या भागात असं दाखवलं की मधली नव्वद वर्षं नमऱ्या एका गुहेत कोंडलेला होता. तोंडाशी दगड. अन्न नाही, पाणी नाही. मग भूकंप झाला, दगड सरकला आणि नमऱ्या त्याच शालीत, त्याच धोतरात बाहेर आला. मागे मोठं संगीत वाजत होतं. आम्ही घास हातात धरून बघत होतो. शांतामावशींनी भाकरीचा तुकडा मोडला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “तो मरत नाही, हे समजलं. पण त्याचं धोतर काऊन फाटत नाही?”

मग मीनाला ठसका लागला. वैशालीताई हसता हसता खांबाला टेकल्या. माझ्या तोंडातून पाणी उडालं, आणि आईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू घरात कुणीतरी परगावाहून परत आलं आहे.

त्या दिवसापासून खोट काढायचा नादच लागला. मालिका बघायची ती त्यासाठीच. दुपारी बघायचं आणि पुढचा अख्खा दिवस कळ्या उघडता उघडता नमऱ्याला सोलून काढायचं. मीनाचा प्रश्न होता की धरणाखालच्या प्रयोगशाळेला वीजजोडणी कुणी दिली, आणि त्या अर्जावर त्यानं जन्मतारीख काय लिहिली असेल. ताई म्हणायच्या, आम्हाला मोटार लावायला आठवड्यातून चार दिवस लाईन मिळत नाही, याच्याकडे मात्र निळे-हिरवे दिवे चोवीस तास. आईनं काढलेली खोट बारीक होती. नमऱ्याला कापलं की जखम लगेच भरून येते, मग कपाळावरचा व्रण कसा राहिला? मावशींची खोट सगळ्यांत जड. तीनशे वर्षं जगलेला माणूस, इतके पावसाळे पाहिलेला, त्याला कालची पोरगी ईरा दर आठवड्याला एकाच पद्धतीनं फसवते. दर वेळी ती मागच्या दारानं येते. म्हणजे तीनशे वर्षांत हा शिकला काय?

मग तो हाताचा भाग आला. ईरानं तलवारीनं नमऱ्याचा हात तोडला आणि दुसऱ्या क्षणी त्याला नवा हात फुटला. सगळ्यांचं लक्ष नव्या हाताकडे. मीनाचं लक्ष खाली पडलेल्या हाताकडे. तिचं माहेर उसाच्या पट्ट्यातलं. ती म्हणाली, उसाचं कांडं तोडून लावलं तर त्याचा ऊस होतो, मग त्या तुटलेल्या हाताला दुसरा नमऱ्या फुटायला पाहिजे. त्या दिवशी जाळीत काम कमी आणि भांडण जास्त झालं. दोन नमरे झाले तर खरा कोणता? बायको कुणाची? शेत कुणाच्या नावावर?

आता विचार करताना वाटतं, ती मालिका नीट लिहिलेली असती तर आम्ही ती गपचूप बघितली असती, हात धुतले असते आणि विसरलो असतो. चोख गोष्ट आपल्याला ओसरीत बसवून ठेवते. तिच्यात आपल्याला करण्यासारखं काही उरत नाही. ही गोष्ट इतकी ढिली होती की आम्ही सगळ्या तिच्यात मावलो. आमचा ऊस मावला, विजेचा घोळ मावला, धोतर मावलं. मी आज वर्गात शिकवताना मुलांना आधी चुकीचं चित्र काढून दाखवते आणि गप्प उभी राहते. दोन मिनिटांत मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, मॅडम, असं कसं असेल? त्या प्रश्नानंतरच माझा तास सुरू होतो.

सप्टेंबरच्या शेवटी गावाची डीपी जळाली. ट्रान्सफॉर्मर बदलायला आठ दिवस लागतील असं कळलं. दळण बंद, मोटारी बंद, आणि दुपारी एकचा नमऱ्याही बंद. पहिल्या दिवशी ओसरीत सगळ्या काळ्या पडद्याकडे तोंड करून जेवल्या. दुसऱ्या दिवशी जाळीत मीना म्हणाली की तू शिकलेली आहेस, आज काय झालं असेल ते तूच सांग. मी नाही म्हणाले. मला कुठे काय येतं, मी तर नापास आहे. ते शब्द मी मोठ्यानं पहिल्यांदाच उच्चारले असतील. कुणी दचकलं नाही. मावशी म्हणाल्या, “नापास तर नमऱ्याबी हाये. सांग तू.”

म्हणून सुरुवात केली. कुठून करावी कळेना, तेव्हा आईच्या खोटीपासून केली, व्रणापासून. सांगता सांगताच सुचलं. म्हटलं, रसायन प्यायला त्या दिवशी तो व्रण आधीच कपाळावर होता. रसायन काय करतं, तर शरीराला त्या एका दिवसावर परत आणतं. केस कापले तरी दुसऱ्या सकाळी त्या दिवशीच्या लांबीचे. जखम झाली तरी त्या दिवशीसारखी कातडी. म्हणून व्रण जात नाही. मीनानं लगेच विचारलं, त्या दिवशी त्याला काही दुखत असेल तर? मला काही सुचायच्या आत आई म्हणाली, दाढ. त्या दिवशी नमऱ्याची दाढ दुखत होती. झालं. तीनशे वर्षं दाढ दुखतेय, उपटली तरी सकाळी पुन्हा उगवते, दुखतच उगवते. मग तो जगाची घड्याळं बंद पाडायला निघाला यात नवल ते काय. इतके दिवस खुनशी वाटणारा माणूस एका दुपारीत आमचा झाला.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी पत्र्याच्या पेटीतून बारावीची पुस्तकं काढली. अभ्यासासाठी नाही. मला उद्याचा भाग सांगायचा होता आणि पालीचं तुटलेलं शेपूट पुन्हा कसं येतं ते नीट बघायचं होतं. जीवशास्त्राच्या खाली भौतिकशास्त्र होतं. तेही वर आलं. उंबऱ्यात बसून, मावळतीच्या उजेडात मी ते उघडलं, आणि लक्षात आलं की हाताची खोट इथे आहे. नवा हात येतो, पण त्या हाताचं वजन येतं कुठून? शून्यातून काही तयार होत नाही. म्हणजे नमऱ्याला खावं लागणार. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की हात तुटल्यावर नमऱ्या आधी पळाला तो स्वयंपाकघरात, तिथे त्यानं चाळीस भाकऱ्या आणि टोपलंभर वांग्यांचं भरीत खाल्लं, तेव्हा कुठे बोटं फुटायला लागली. ईरा दाराशी उभी राहून मोजत होती. बायांनी चिमटे खाली ठेवले. ताई म्हणाल्या की पुरे आता, उद्यासाठी कळ्या तयार करायच्या की नाही, पण त्याच सगळ्यांत जास्त हसत होत्या.

धोतराचाही निकाल लागला. त्या आठ दिवसांत माझ्या गोष्टीत नमऱ्याला गुहेतून बाहेर पडायची एक चोरवाट सापडली होती. दर बारा वर्षांनी तो आठवडी बाजारात येऊन धोतरजोडी घेऊन जायचा. दुकान एकच. आजा, बाप, नातू, सगळ्यांनी एकाच कपाळाचं गिऱ्हाईक पाहिलेलं. शेवटी नातवानं त्याला ओळखलं, तेही अशा कारणानं की इतक्या पिढ्यांत भाव कमी करायला सांगण्याची त्याची पद्धत बदलली नव्हती.

सातव्या दिवशी मी मावशींच्या खोटीला हात घातला. तो शिकत का नाही? एव्हाना मला उत्तर माहीत होतं, पण सांगताना आवाज जरा हळू झाला. म्हटलं, शरीर त्या दिवसावर परत येतं तर डोकंही येत असणार. रोज सकाळी तो त्याच दिवशीचं मन घेऊन उठतो. आणि तो दिवस कोणता होता? त्याची बायको वारली तो दिवस. तिला वाचवायला केलेलं रसायन तिच्यापर्यंत वेळेत पोचलं नाही, म्हणून रागानं त्यानं स्वतःच पिऊन टाकलं. तेव्हापासून ती रोज आजच गेलेली असते.

बोलून झालं आणि मला माझी चूक कळली. आईनं माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. मावशींचा हात कळीवर थांबला होता. मग मावशी म्हणाल्या, “म्हंजे त्याचं दुख जुनं होऊनच नाही राह्यलं.” आणि कळी उघडून त्यांनी नर काढला, अलगद, नेहमीसारखा. पुढच्या झाडाकडे मात्र त्या सरकल्या नाहीत. तिथेच उभ्या राहून म्हणाल्या, “बिचारा.”

नवव्या दिवशी वीज आली. आम्ही ओसरीत गर्दी करून बसलो. आठ दिवसांत मालिकेत काय घडलं म्हणावं, तर नमऱ्याला एक जुळा भाऊ निघाला होता आणि ईराची स्मृती गेली होती. वैशालीताईंनी त्या दिवसापुरता अर्ध्यातच टीव्ही बंद केला. म्हणाल्या, आपला चांगला आहे. आम्ही भाकरीची फडकी उचलून जाळीत परत गेलो, आपल्या नमऱ्याकडे.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा असेल. माझ्या आणि मावशींच्या ओळी शेजारी शेजारी चालल्या होत्या. मी त्यांना काहीतरी पेशींबद्दल सांगत होते. त्यांनी मध्येच थांबवलं आणि म्हणाल्या, “प्रज्ञा, एक खोट राह्यली काढाची.”

मी विचारलं, कोणती.

“नमऱ्याची नाही, तुही. तू म्हणते मले विज्ञान समजत नाही. अन् पंधरा दिस झाले, आमाले विज्ञानच सांगून राह्यली. मले अडाणीले समजलं. मंग हे सांगते कोण?”

मला हसायला आलं आणि हसता हसता ते भलतीकडेच गेलं. मावशींनी आपल्या रुमालाचं टोक पुढे केलं आणि माझ्या ओळीतल्या राहिलेल्या कळ्या स्वतः उघडायला घेतल्या. पराग लागलेल्या बोटांनी डोळे पुसू नकोस, एवढं मात्र बजावलं.

सोमवारी मी एकटी बसनं जाऊन परीक्षेचा फॉर्म भरून आले. घरी आल्यावर आईला सांगितलं. तिनं नुसतं हं म्हटलं आणि चुलीपाशी गेली, पण त्या दिवशी तिनं उगाचच पुरण शिजवलं. सणवार काही नव्हता. फेब्रुवारीत मी परीक्षेला बसले, पास झाले, पुढे शिकत गेले. गुण काही डोळे दिपवणारे नव्हते. पण भौतिकशास्त्राच्या पेपरात ऊर्जेवरचा प्रश्न आला तेव्हा मला नमऱ्याच्या चाळीस भाकऱ्या दिसल्या, आणि पर्यवेक्षक बाईंनी माझ्याजवळ येऊन, हसायला काय झालं, असं विचारलं.

मालिका मात्र दिवाळीनंतर एका दुपारी नाहीशी झाली. एकच्या ठोक्याला तिच्या जागी एक बाई ढोकळा करत होती. आम्हाला वाटलं, एखाद्या दिवसाची सुट्टी असेल. आठवडाभर ढोकळा, कचोरी, मुरंबा बघितला. मग मीनाच्या नवऱ्यानं मोबाईलवर बघून सांगितलं की मालिका बंद पडली, शेवट न दाखवताच. नमऱ्या धरणाच्या भिंतीवर उभा होता तो तिथेच राहिला.

त्यानंतर आम्हाला टीव्ही बघायला सवडही नव्हती. मिरच्या लाल झाल्या. दोरा असलेली फळं तेवढीच तोडायची, चिरायची, बी काढायचं. नाकावर दोन-दोन फडकी बांधूनही सगळी ओसरी शिंकत असायची. हात रात्रीपर्यंत भगभगायचे, ताकात बुडवून ठेवायचे. बी धुऊन चाळणीवर पसरलं की ते फिकट सोनेरी दिसायचं, आणि इतकी माणसं इतके दिवस खपली ती या एवढ्याशा ढिगासाठी, याचं मला दर वेळी आश्चर्य वाटायचं. आजही वाटतं.

डिसेंबरात शेवटच्या दिवशी झाडं उपटली. जाळी आतून एकदम रिकामी, मोठी दिसायला लागली. वैशालीताईंनी सगळ्यांना थांबवून घेतलं. बांधावरच्या निंबाखाली गोवऱ्या पेटवल्या आणि रोडग्यांचा बेत केला. निखाऱ्यात भाजलेले कणकेचे जाड गोळे, वर तूप, सोबत तुरीचं वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. थंडी नुकती पडली होती. धुरामुळे सगळ्यांचे डोळे लाल. रोडगे भाजायला वेळ लागतो, म्हणून मीनानं फर्मान काढलं की त्या टीव्हीवाल्यांनी नाही केला, तर तू तरी शेवट कर.

मी तयारी केलेली नव्हती. समोर उपटलेल्या झाडांचा ढीग होता, तिकडे बघत सांगत गेले. नमऱ्याचं रसायन एका वेलीपासून निघालं होतं. ती वेल त्यानं तीनशे वर्षं जिवंत ठेवली होती, एका युक्तीनं. तिला कधी फूल येऊ दिलं नाही. कळी दिसली की खुडायची. काही झाडं असतात, फुलली, बी धरलं की जातात. फुलू दिलं नाही तर रेंगाळत राहतात. हे सांगताना बाया माना हलवत होत्या, त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ईरानं पानांआड एक कळी लपवून ठेवली. ती फुलली. बी धरलं. वेल सुकली, आणि नमऱ्यावरचा अंमल उतरला. दुसऱ्या दिवशी तो उठला तेव्हा डोक्यात एक पांढरा केस होता. आणि त्यानं रोजच्यासारखी बायकोची आठवण काढली, तर त्याला तिचं मरण दिसलं नाही. त्याला आठवलं की एकदा तिनं भाजीत दोनदा मीठ घातलं होतं आणि दोघांनी ती हसत हसत खाल्ली होती. मग तो माणसासारखा म्हातारा झाला आणि एक दिवस गेला. ईरानं ते बी पेरलं.

इतकंच सांगून थांबले. कुणी खोट काढली नाही. निखारे चुरचुरत होते. ताईंनी एक रोडगा उकरून काढला, राख झटकली, फोडला, त्याची वाफ वर गेली. त्यांनी तो तूप घालून आधी शांतामावशींच्या ताटात ठेवला.

मावशी त्या रोडग्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला.

त्या सांगायला लागल्या, आपल्या यजमानांबद्दल. लग्नाला वर्ष झालं असेल, सासरचे-माहेरचे सगळे असेच शेतात रोडग्यांना जमले होते. यजमानांनी मेहुण्याची गंमत करायची म्हणून एका रोडग्यात लवंगी मिरच्या भरल्या आणि निखाऱ्यात टाकला. पण भाजताना सगळे रोडगे सारखेच काळे झाले, आणि कोणता तो यांनाच आठवेना. पंगत बसली. तो रोडगा नेमका यांच्याच ताटात आला. समोर मावशींचे वडील, म्हणजे यांचे सासरे बसलेले. आता थुंकायचा कसा आणि सांगायचं कसं. त्यांनी तो पूर्ण खाल्ला. डोळ्यांतून धारा लागलेल्या, नाक लाल, कान लाल. सासऱ्यांनी विचारलं, जावईबापू, काय झालं? तर म्हणाले, काही नाही मामा, तुमच्या घरचं तूप इतकं चांगलं आहे की भरून आलं.

बांधावर हसण्याचा असा काही लोट उठला की पलीकडच्या शेतातली माणसं उभी राहून बघायला लागली. आई माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती. मावशीही हसत होत्या, डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते धुराचं आहे असं कुणी म्हणालं नाही. वर्षभरात त्यांच्या तोंडून यजमानांचा उल्लेख आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

हसणं ओसरल्यावर मीनानं ताट बाजूला सारलं, गुडघे जवळ घेतले आणि विचारलं, “अन् मंग, मावशी?”

मावशींनी पदरानं डोळे पुसले. रोडग्याचा तुकडा वरणात बुडवून सावकाश खाल्ला. सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या.

“मंग काय,” त्या म्हणाल्या, “दुसऱ्या साली त्याईनं दोन रोडग्यात मिरच्या भरल्या.”